तोच का तो? वाचनालयाच्या लॉगिनच्या प्रकल्प नोंदी

३ जून

जुन्या प्रणालीचा डेटाबेस आज हातात आला. सदस्य नोंदणी, पुस्तक राखून ठेवणं, मुदत वाढवणं, दंड, सगळं एकाच संकेतस्थळावर. माझ्याकडे काम एवढंच की लॉगिन नव्याने लिहायचं. ‘एवढंच’ हा शब्द सचिवांचा.

पासवर्डचा रकाना उघडला. प्रत्येक ओळीत ३२ चिन्हं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. एमडी५ हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेली, उलट फिरवता न येणारी चिन्हांची ओळ. तोही सॉल्टशिवाय, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा यादृच्छिक मजकूर न मिसळता. सॉल्ट नसला की ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांचा हॅशही सारखाच निघतो, त्यामुळे कोणता हॅश किती वेळा येतो हे मोजायला साधी क्वेरी पुरली. सुमारे ४,००० सदस्यांपैकी २१७ जणांचा हॅश एकच.

तो फोडायच्या भानगडीत पडलेच नाही. काउंटरवरच्या काकूंना विचारलं, नवीन सदस्याला पासवर्ड काय देता?

“एक दोन तीन चार पाच सहा. आणि सांगतो की घरी गेल्यावर बदला.”

“बदलतात का?”

“ते मला कसं कळणार गं?”

मला मात्र कळलं होतं. २१७ जणांनी बदललेला नाही.

५ जून

जुने हॅश नव्या पद्धतीत कसे आणायचे? मूळ पासवर्ड कोणाकडेच नाहीत (नसावेतच). एक वाट म्हणजे सदस्य पुढच्या वेळी लॉगिन करील तेव्हा त्याचा पासवर्ड हाती येतो, त्या क्षणी नवा हॅश करून ठेवायचा. पण जो वर्षभर फिरकणार नाही त्याचा एमडी५ वर्षभर उघड्यावर पडून राहणार. दुसरी वाट म्हणजे आजच सगळ्या एमडी५ हॅशवरच नवा हॅश चढवायचा, सॉल्टसकट, आणि लॉगिन होईल तसतसं आतलं एमडी५चं अस्तर काढून टाकायचं. दुसरी घेतली. प्रत्येक ओळीला ‘आवृत्ती’ नावाचा रकाना जोडला: १ म्हणजे अस्तरवाला, २ म्हणजे स्वच्छ.

नवा हॅश कोणता? हात सवयीने बीक्रिप्टकडे गेला. १९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएरेस यांनी तो मांडला. खर्चाचा आकडा वाढवत नेता येतो, म्हणून इतकी वर्षं टिकला. पण त्याला एक मर्यादा आहे, ७२ बाइट. त्यापुढचं बहुतेक अंमलबजावण्या गुपचूप सोडून देतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तेव्हा ७२ पुरतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीच्या एकेका खुणेला ३ बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त या सगळ्या वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे २४ खुणा. एखाद्याने मनापासून लांबलचक मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं तर चार-पाच शब्दांनंतरचं काहीही टाइप केलं तरी दार उघडणार.

आणखी एक खोड आहे. हॅशवर हॅश चढवताना एमडी५चे कच्चे १६ बाइट बीक्रिप्टला दिले आणि त्यात शून्य बाइट आला, तर काही अंमलबजावण्या तिथेच थांबतात. शून्य पहिलाच आला तर संपला विषय, ज्याच्या एमडी५चा पहिला बाइट शून्य असेल असा कोणताही पासवर्ड चालेल. हेक्समध्ये, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा चिन्हांत, लिहून दिलं की हा धोका टळतो. तरी ७२ची अडचण उरतेच.

आर्गॉन२ घेतला, त्यातला ‘आयडी’ प्रकार. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत तो जिंकला होता. वेळेइतकीच मेमरीही खातो, त्यामुळे हजारो समांतर गाभे असलेल्या ग्राफिक्स कार्डवर अंदाज लावत बसणाऱ्याला तो महाग पडतो.

६ जून

मलाही महाग पडला.

आरएफसी ९१०६ या तांत्रिक दस्तऐवजात कमी मेमरीच्या यंत्रांसाठी सुचवलेली मापं जशीच्या तशी लावली: ६४ एमबी, ३ फेऱ्या. मग ५० जण एका वेळी लॉगिन करतायत असं नाटक केलं. ५० गुणिले ६४ म्हणजे ३,२०० एमबी. सर्व्हरची एकूण मेमरी ४ जीबी, त्यात डेटाबेसही राहतो. सर्व्हर आडवा झाला.

म्हणजे पासवर्ड फोडणाऱ्याला दमवायचं जे शस्त्र, तेच बाहेरच्याने आपल्यावर उलटवायचं शस्त्र. खोटा पासवर्ड पाठवायला त्याचं काहीच जात नाही, तो तपासायला माझे ६४ एमबी जातात. माप १९ एमबी आणि २ फेऱ्यांवर आणलं. शिवाय एका वेळी १६पेक्षा जास्त हॅश चालणार नाहीत अशी रांग लावली. बाकीच्यांनी अर्धा सेकंद थांबावं.

९ जून

आजचा दिवस एका अक्षराने खाल्ला.

टेस्टिंग बघणारी मैत्रीण म्हणाली, माझा पासवर्ड संगणकावर चालतो, फोनवर नाही. तिचा पासवर्ड म्हणजे एक मराठी वाक्य, त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द. दोन्हीकडे डोळ्याला हुबेहूब तेच दिसतं. बाइट छापून बघितले. त्या शब्दाचे संगणकावरून २१ बाइट येत होते, फोनवरून २४.

दोष त्या अर्ध्या र-चा. दुसऱ्या, तऱ्हा, वाऱ्यावर यांतला हा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक. कोणता कीबोर्ड कोणती तऱ्हा वापरतो याला नियम नाही. हॅशला अक्षर ‘दिसत’ नाही, बाइट कळतात. एक बाइट वेगळा की पूर्ण हॅश वेगळा.

मला वाटलं युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं) लावलं की झालं. एनएफसी नावाचं सामान्यीकरण लावलं. त्याने साधा र अधिक नुक्ता आणि तयार ऱ ही जोडी एक केली, पण न दिसणाऱ्या जोडकाला त्याने हात लावला नाही. तो त्याच्या दृष्टीने वेगळाच मजकूर आहे. शेवटी एक नियम हाताने लिहिला: र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की त्याचा ऱ आणि हलन्त करा, मग एनएफसी, मग हॅश. पासवर्ड ठेवताना आणि तपासताना, दोन्हीकडे तेच.

असं पासवर्डला परस्पर हात लावणं बरोबर की चूक यावर तासभर वाद झाला. माझं म्हणणं, माणसाला जे एकच दिसतं ते यंत्रानेही एकच मानावं. त्याने सुरक्षितता किती घटते? एका शब्दाच्या दोन वळणांइतकी. तिचं म्हणणं, आज हा नियम, उद्या दुसरा, आणि प्रत्येक बदलाला जुने हॅश मोडणार. तिचंही बरोबर आहे. नियमालाही आवृत्तीचा आकडा जोडला.

११ जून

समितीची बैठक. मागण्या: पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह सक्तीचं, दर ९० दिवसांनी बदल.

मी सांगितलं की मोठं अक्षर ही कल्पनाच देवनागरीत नाही. थोडा हशा झाला, मागणी कायम राहिली.

मग जरा मागे गेले. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सच्या पासवर्डवर लेख लिहिला. सॉल्ट वापरायची पद्धत त्यातूनच सगळ्यांना ठाऊक झाली. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा केले होते. १५ जणांचा पासवर्ड एका अक्षराचा, ७२ जणांचा दोन, ४६४ जणांचा तीन अक्षरांचा. शब्दकोशातले वगैरे धरून २,८३१ पासवर्ड, म्हणजे ८६ टक्के, सहज सापडण्यासारखे निघाले. माणसं तेव्हाही अशीच होती. आमचे २१७ काही नवे नाहीत.

यावर उपाय म्हणून नियम आले. २००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेत बिल बर यांनी चिन्ह-अंकांचे नियम लिहिले आणि जगभरच्या कार्यालयांनी ते उचलले. माणसांनी काय केलं? पहिलं अक्षर मोठं, शेवटी १ आणि उद्गारचिन्ह. ९० दिवसांनी १चा २. हे अंदाज लावणाऱ्यालाही पाठ आहे. २०१७ मध्ये एनआयएसटीने दोन्ही सक्ती काढून टाकल्या, आणि बर यांनी त्या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. नवी दिशा अशी: लांबी मागा, फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडा, पेस्ट करू द्या, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा.

ठरलं: किमान १२ खुणा, सक्ती नाही, यादीशी ताडणी. ९० दिवसांचं पुढच्या बैठकीत.

१२ जून

यादीशी ताडायचं म्हणजे सदस्याचा पासवर्ड बाहेरच्या सेवेला पाठवायचा का? छे. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या ‘पोन्ड पासवर्ड्स’ सेवेची युक्ती मला फार आवडते. पासवर्डचा एसएचए-१ (हाही एक हॅश) काढायचा आणि त्याची फक्त पहिली ५ हेक्स चिन्हं पाठवायची. पाच चिन्हांचे १०,४८,५७६ गठ्ठे होतात. आपल्या गठ्ठ्यातले सगळे हॅश परत येतात, त्यात आपला आहे का हे आपल्याच घरी बघायचं. समोरच्याला आपण कोणत्या गठ्ठ्यातून आलो एवढंच कळतं. ती सेवा बंद असेल तर? तर ताडणी सोडून द्यायची आणि नोंद करायची. कोणाला दाराबाहेर उभं करायचं नाही.

१६ जून

खोटा सदस्य क्रमांक टाकला की उत्तर ४ मिलिसेकंदांत, खरा क्रमांक आणि चुकीचा पासवर्ड टाकला की शंभराच्या आसपास. पडद्यावर दोन्हीकडे “क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा” हाच मजकूर. पण घड्याळ लावून बसलेल्याला कोणता क्रमांक खरा आहे हे कळतंच. कारण उघड आहे: सदस्यच नसेल तर कोड हॅशपर्यंत जात नाही. आता नसलेल्या सदस्यासाठीही एका खोट्या हॅशशी तुलना होते.

असं आडवाटेने गुपित गळण्याचा टेनेक्स या जुन्या संगणक प्रणालीचा किस्सा प्रसिद्ध आहे. बटलर लॅम्पसन यांनी १९८३ मध्ये तो लिहून ठेवलाय. तिथे पासवर्ड एकेक अक्षर ताडला जाई आणि चूक निघाली की तिथेच थांबे. हल्लेखोर पासवर्ड मेमरीत असा ठेवी की पहिलं अक्षर एका पानाच्या टोकाला आणि उरलेली अस्तित्वातच नसलेल्या पुढच्या पानावर. पहिलं अक्षर चुकलं तर ‘चुकीचा पासवर्ड’, बरोबर आलं तर यंत्र पुढच्या पानाकडे वळे आणि ‘पानच नाही’ म्हणून अडखळे. झालं, एक अक्षर मिळालं. मग दुसरं. १२८ चिन्हांच्या संचात एका अक्षराला सरासरी ६४ प्रयत्न. पासवर्डच्या लांबीनुसार गुणाकाराने वाढायला हवी ती मेहनत बेरजेने वाढली.

१७ जून

लाज वाटण्यासारखी नोंद. सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये पासवर्ड सापडले. साधे, वाचता येणारे. मीच गेल्या आठवड्यात त्या ऱ-चा घोळ शोधताना आलेली संपूर्ण विनंती छापत होते आणि ती ओळ काढायची राहिली. चाचणीचा सर्व्हर होता, खाती आमचीच, म्हणून वाचले. हॅश कितीही तगडा असो, त्याच्या दोन ओळी आधी पासवर्ड उघडा असतो, आणि गळती तिथेच होते. ट्विटरला २०१८ मध्ये ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं ते याच जातीच्या चुकीमुळे.

यातला आद्य अपघात १९६६चा. एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रावर, जिथे पासवर्डची पद्धत फार लवकर आली, दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली संपादित करत होते. एकाची दिवसाची सूचना, दुसऱ्याची पासवर्डची यादी. संपादकाची तात्पुरती फाइल दोघांनाही एकाच नावाची. अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. त्या यंत्राचे जनक फर्नांडो कॉर्बातो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही गोष्ट स्वतः सांगितली.

लॉग लिहिणाऱ्या कोडमध्ये आता छापायच्या रकान्यांची यादी आहे. यादीत नाही ते छापलं जाणार नाही.

१९ जून

“पाच चुका झाल्या की खातं बंद.” हा नियम मागच्या प्रणालीत होता. सदस्य क्रमांक ओळीने आहेत, १ पासून. कोणीही पाच-पाच चुका करत अख्खं वाचनालय बंद करू शकला असता. उलट, दुसरीकडे फुटलेले पासवर्ड घेऊन येणारा प्रत्येक खात्यावर एकदाच प्रयत्न करतो, त्याला पाचचा नियम कधी लागतच नाही. आता बंद कोणी होत नाही. खाते आणि इंटरनेटचा पत्ता मिळून चुका वाढल्या की उत्तराला उशीर वाढतो, आणि एकूण चुकांचं प्रमाण अचानक चढलं तर मला निरोप येतो.

२४ जून

दुसरा घटक, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक पुरावा. कर्मचाऱ्यांना सक्तीचा, सदस्यांना ऐच्छिक. फोनवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड, म्हणजे टीओटीपी, आरएफसी ६२३८.

हे लोकांना जादू वाटते, आत मात्र फारच साधं आहे. फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुपित. १९७० पासूनचे सेकंद मोजायचे, ३०ने भागायचे, तो आकडा आणि गुपित मिळून एचमॅक (गुपित मिसळून काढलेला हॅश) काढायचा. येणाऱ्या २० बाइटमधल्या शेवटच्या चार बिटांनी सांगितलेल्या जागेवरून चार बाइट उचलायचे, वरचा एक बिट टाकायचा, दहा लाखांनी भागून बाकी घ्यायची. हे सगळं हाताने लिहिलं, ज्यावर टीओटीपी बेतलंय त्या मूळच्या एचओटीपी मानकातल्या नमुन्याशी ताडलं, पहिला आकडा ७५५२२४ आला तेव्हा खुर्चीतून उठले.

पण एक गोष्ट टोचते. पासवर्डचा आपण फक्त हॅश ठेवतो. इथे सर्व्हरला दर वेळी कोड काढून बघावा लागतो, म्हणजे मूळ गुपितच ठेवावं लागतं. डेटाबेस फुटला तर पासवर्ड निदान झुंजतील, ही गुपितं लगेच शरण जातील. कूटबद्ध करून ठेवली, किल्ली वेगळ्या जागी. तेवढंच हातात आहे.

एकदा चाललेला कोड त्याच ३० सेकंदांत दुसऱ्यांदा चालता कामा नये, हेही घातलं. मानक तसं सांगतं, बरेच जण विसरतात.

२५ जून

सकाळपासून एकाचाही कोड चालेना. अडीच तास गुपित, एन्कोडिंग, क्यूआर सगळं उसवून पाहिलं. मग सहज सर्व्हरला वेळ विचारली. ९४ सेकंद मागे. घड्याळ जुळवणारी सेवाच चालू नव्हती. मी मागची-पुढची एक-एक खिडकी, म्हणजे ३० सेकंद, मान्य करत होते, आणि हे तीन खिडक्या मागे.

२७ जून

सचिव म्हणाले, एवढ्या कटकटीपेक्षा काउंटरवर बोटाचा ठसा का घेत नाही? बोट ठेवलं की सदस्य कोण ते यंत्राने सांगायचं.

हा प्रश्न वरवर सोपा आहे म्हणून वहीत गणित मांडलं. ॲपल आपल्या टच आयडीबद्दल सांगते की परक्याचं बोट जुळण्याची शक्यता ५०,०००त एक. तेवढा चांगला वाचक आपल्याकडे आहे असं धरू. क्रमांक सांगून बोट ठेवलं तर एकाच ठशाशी तुलना होते, ५०,०००त एक ठीक आहे. पण क्रमांक न सांगता ‘हा कोण’ विचारलं की तुलना ४,००० ठशांशी. आत आलेला कोणीही परका कोणा ना कोणा सदस्याशी जुळण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. दर बारा-तेरा जणांमागे एक.

“हा तोच का?” आणि “हा कोण?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला यंत्राला बऱ्यापैकी जमतो. शिवाय फुटलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. ठसे आपण साठवणार नाही. सचिवांनी गणित पाहिलं, “मग राहू दे” म्हणाले. ९० दिवसांचा मुद्दाही त्याच दमात राहू दिला, तो मी पुन्हा काढला नाही.

१ जुलै

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या किल्लीने लॉगिन. या प्रकल्पातलं मला सर्वांत आवडलेलं काम, म्हणून जरा सविस्तर.

नोंदणीच्या वेळी फोन किल्ल्यांची जोडी बनवतो. खाजगी किल्ली फोनकडे किंवा त्याच्या किल्लीसंचात, सार्वजनिक माझ्याकडे. लॉगिनला मी ३२ बाइटचं यादृच्छिक आव्हान पाठवते, फोन त्यावर सही करून परत देतो, मी सार्वजनिक किल्लीने सही तपासते. माझ्या डेटाबेसमध्ये चोरण्यासारखं काही उरतच नाही. सार्वजनिक किल्ली चौकात लावली तरी चालेल. कल्पना १९७६च्या डिफी-हेलमन यांच्या लेखाइतकी जुनी, पण ब्राउझरमध्ये वेबऑथएन म्हणून तिचं मानक व्हायला मार्च २०१९ उजाडलं.

खरी खुबी वेगळीच आहे. ज्यावर सही होते त्यात संकेतस्थळाचा पत्ता ब्राउझर स्वतः लिहितो. आमच्या पत्त्यात एक अक्षर इकडेतिकडे करून कोणी हुबेहूब पान बनवलं, तर माणूस फसेल. पासवर्ड देईल, सहा आकडी कोडही वाचून दाखवेल. पासकी मात्र गप्प बसेल, कारण त्या पत्त्याची किल्ली तिच्याकडे नाही. फसायचं काम माणसाच्या हातून काढून घेतलंय.

फोनकडून येणाऱ्या माहितीचा मुख्य भाग ३७ बाइटचा: ३२ बाइट पत्त्याचा हॅश, ४ बाइट गणक, आणि मधला एक बाइट खुणांचा. त्या एका बाइटमधला एक बिट म्हणतो, ‘मी माझ्या मालकाला तपासलं’. बोट, चेहरा, पिन काहीही असो, सर्व्हरपर्यंत पोचतो तो हा एक बिट. कोणाचं बोट हे फोनलाही ठाऊक नाही. ज्याने आधी बोट नोंदवलं तेच बोट आहे, एवढंच त्याला म्हणायचंय.

२ जुलै

काल नोंदवलेल्या सगळ्यांच्या पासकी आज चालेनात. चाचणीच्या पत्त्यावर नोंदवल्या होत्या, आज आम्ही खऱ्या पत्त्यावर आलो. काल ज्या गुणाची स्तुती केली त्यानेच दार लावलं. पुन्हा नोंदणी.

आणि गणकाची तपासणी काढली. प्रत्येक वापराला तो वाढायला हवा, न वाढल्यास किल्लीची नक्कल झाली असं पुस्तक सांगतं. पण अनेक उपकरणांत फिरणाऱ्या पासकींचा गणक कायम शून्य येतो. शून्य असेल तर सोडून द्यायचं.

वाचनकक्षातल्या सामायिक संगणकांवर पासकी तयार करायला बंदी. तिथे क्यूआर दाखवायचा, सही ज्याच्या त्याच्या फोनने करायची. सेशन, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावरचा वापर, २० मिनिटांत बंद.

७ जुलै

“पासवर्ड विसरलात?” ही कडी. मेलवर दुवा, ३० मिनिटांची मुदत, एकदाच वापर, डेटाबेसमध्ये टोकनचा (दुव्यातल्या गुप्त क्रमांकाचा) फक्त हॅश.

तरी तिघांची तक्रार आली की दुवा उघडताच ‘आधीच वापरला गेला’ म्हणतोय. वेळा ताडल्या. मेल पोचल्यावर दोनच सेकंदांत दुवा कोणीतरी उघडला होता. माणूस एवढा तत्पर नसतो. मेल तपासणारा सुरक्षा प्रोग्राम प्रत्येक दुवा आधी स्वतः उघडून बघतो, आणि आमचं टोकन तिथेच खर्ची पडत होतं. आता दुवा उघडल्यावर फक्त एक बटण दिसतं, टोकन बटण दाबल्यावर खर्च होतं.

सुरक्षा प्रश्न जुन्या प्रणालीत होते: आईचं माहेरचं नाव, पहिली शाळा. घरातल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक. काढून टाकले.

९ जुलै

मेलचा पत्ता बंद, फोन हरवलेला, पासवर्ड आठवत नाही. असा सदस्य आला तर? काउंटरवर जाईल. म्हणजे आर्गॉन२, पासकी, टोकन या सगळ्याच्या वर काकू आहेत. त्यांच्याकडे खातं पुन्हा सुरू करायचं बटण आहे.

आज त्यांच्याजवळ दोन तास बसले. एक बाई आल्या, काकूंनी मान वर करून पाहिलं आणि बटण दाबलं. मी विचारलं, ओळखपत्र?

“अगं, बारा वर्षं येतायत त्या.”

यावर मला काही बोलता येईना. माझी सगळी प्रणाली ‘मागच्या वेळचाच तो’ एवढंच सिद्ध करते. ‘कोण’ हे पहिल्यांदा ठरलं ते याच काउंटरवर, काकूंनी अर्ज घेऊन क्रमांक दिला तेव्हा.

मग फोन आला. “मी मुलगा बोलतोय. आईचं खातं बंद पडलंय, नवीन पासवर्ड सांगा, मी करून देतो तिला.” काकूंनी आवाज ओळखला, मुलगाही लहानपणी यायचा. त्या बटणाकडे वळल्या. मी खूण केली, आईंना परत फोन करू म्हणून सांगायला लावलं. नोंदीतल्या क्रमांकावर फोन केला. आई म्हणाल्या, माझं खातं उत्तम चालू आहे. आणि मी काय वाचते ते त्याला कशाला कळायला हवं?

मुलगा खराच मुलगा होता. काकूंनी ओळखण्यात चूक केली नव्हती.

नियम लिहिला: फोनवर काहीही बदलायचं नाही. समोर आल्यावर दोन कर्मचाऱ्यांची संमती, दोघांचीही नावं नोंदीत. जुन्या मेलवर आणि फोनवर सूचना जाणार, आणि २४ तासांनी खातं उघडणार, तोवर मूळ मालकाला ‘हा मी नाही’ म्हणता येईल. काकूंना २४ तास पटले नाहीत. “बारा वर्षांच्या सदस्याला उद्या या म्हणू?” हो, म्हणा.

१४ जुलै

सेशन. लॉगिननंतर सेशनचा क्रमांक बदलत नव्हता, म्हणजे आधीच कोणी कुकी (ब्राउझरमध्ये हा क्रमांक ठेवणारी चिठ्ठी) पेरून ठेवली असती तर तीच मान्य झाली असती. बदलला. कुकीला सुरक्षिततेच्या तिन्ही खुणा लावल्या. पासवर्ड बदलला की बाकीची सगळी सेशन्स बंद.

२१ जुलै

नवं लॉगिन चालू झालं. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न: “१२३४५६ का घेत नाही?”

२५ ऑगस्ट

महिना उलटला. आवृत्ती १च्या, अस्तर न निघालेल्या ६३८ ओळी उरल्या. त्या २१७ पैकी ९१ यात आहेत. त्यांची फक्त सक्तीने बदली करून भागणार नव्हतं, कारण १२३४५६ टाकून पहिला येईल तोच नवा पासवर्ड ठेवणार. सगळ्या ६३८ ओळींतला हॅश पुसला. हे सदस्य मेलवरून किंवा काउंटरवरून येतील.

दुपारी काकू टेबलाशी आल्या. घरून कधी लॉगिन केलंच नव्हतं, काउंटरचं खातं वेगळं. आता स्वतःसाठी एक पुस्तक राखून ठेवायचं होतं. मेलचा पत्ता कधी दिलेलाच नाही.

“माझं पण पुसलंस का गं?”

पुसलं होतं. ९१ मधल्या एक. दुसऱ्या दोन कर्मचाऱ्यांनी संमती दिली, फोनवर सूचना गेली, ती त्यांनी मला वाचून दाखवली. उद्या दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी उघडेल.

“उद्या येते मग,” म्हणाल्या, आणि पुन्हा काउंटरवर जाऊन बसल्या.